शिक्षा झालेला हंडा

मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या भांड्याला न्यायाधीशाने शिक्षा ठोठावल्याचे तुम्ही कधी ऐकले नसेल. मला ती ठोठावली आहे. मी ओतीव काशाचा, तीन पायांचा, लोखंडी कडीचा एक म्हातारा हंडा. ऑल्डरवेल गावच्या बारा शहाण्या माणसांनी शपथ घेऊन ठरवले की मी एका माणसाचा जीव घेतला. त्या बारा जणांपैकी एकालाही घरची चूल धड पेटवता येत नव्हती. माझा न्याय करणे मात्र त्यांना सहज जमले.

माझा जन्म घंटा ओतणाऱ्या कारागिराच्या अंगणात झाला. चर्चच्या मनोऱ्यासाठी मोठी घंटा ओतली, आणि साच्यात मावेना म्हणून जो रस उरला त्याचा मी झालो. म्हणजे ती घंटा माझी थोरली बहीण. गावात कुठे आग लागली, पुराचे पाणी चढले की ती जिवाच्या आकांताने ओरडे, आणि लोक तिला दुवा देत. ही गोष्ट लक्षात ठेवा. ओरडून सावध करणाऱ्या घंटेवर गाव खूश होते. बाईने तेच केले तर काय होते, ते आता सांगतो.

माझी मालकीण थॉमसिन. तिने मला माहेराहून आणले. ती बिअर गाळत असे. तुम्ही नाक मुरडू नका. आमच्याकडे ओढ्याचे पाणी पिऊन माणसे आजारी पडत, म्हणून सकाळी पोराबाळांपासून सगळे पातळ बिअरच पीत. जव भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवून ती भरडत असे आणि माझ्यात उकळत्या पाण्यात घालून ढवळत असे. बिअर तयार झाली की दारावरच्या काठीला हिरवी फांदी बांधायची. फांदी दिसली की अर्धे गाव मडकी घेऊन हजर. थॉमसिनची बिअर आंबट निघाली असे कुणी कधी म्हटले नाही. तिचे गुपित बिअरमध्ये नव्हतेच, ते माझ्यात होते. काम संपले की ती मला राख आणि वाळूने घासे, कोरडा पुसे, आणि कडीला डुकराची चरबी चोळून ठेवी. माझ्या पोटात तिला स्वतःचा चेहरा दिसे.

तिचा नवरा लॅम्बर्ट. त्याचा उद्योग म्हणजे दारासमोरच्या बाकावर बसून राजाने फ्रान्सवर स्वारी कशी करायला हवी होती ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणे. राजाने त्याला कधी विचारले नाही, यात राजाचा शहाणपणा दिसतो. एका हिवाळ्यात थॉमसिन आजारी असताना त्याने मला उचलून न नेता ओढत नेले आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटले. माझ्या एका पायाला तडा गेला. लोहार म्हणाला, आणून टाक, अर्ध्या दिवसात नवा पाय बसवतो. लॅम्बर्टने त्या पायाखाली गारगोटीचा एक धोंडा सरकवला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला.

थॉमसिन बरी झाली, तिने धोंडा पाहिला, आणि तिथून तिचे बोलणे सुरू झाले. आवाज तिचा मुळात मोठा. ती घरात बोले, परसात बोले, भर बाजारात बोले.

"कोंबडीला दोनच पाय असतात," लॅम्बर्ट म्हणे. "तिचं काही अडतं का?"

"कोंबडीच्या पोटात उकळतं पाणी नसतं," ती म्हणे. "लॅम्बर्ट, तो हंडा एक दिवस तुझा जीव घेईल. मग बस त्या बाकावर."

हे वाक्य बाजारातल्या सगळ्यांनी ऐकले. शेजारची उर्सुला, मेणबत्त्या करणाऱ्याची बायको, तिने तर ते इतक्यांदा ऐकले की तिला ते पाठ झाले.

शेवटी लोकांना तिच्या आवाजाचा कंटाळा आला. पाय दुरुस्त करून घे असे लॅम्बर्टला सांगणे सोपे होते, पण ते कुणाला सुचले नाही. त्यांनी थॉमसिनला भांडखोर ठरवले. आमच्या घरासमोरच्या तळ्याकाठी एक खुर्ची होती, लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली. भांडखोर बायकांना तिच्यात बांधून पाण्यात बुचकळत. भांडखोर पुरुषांसाठी अशी खुर्ची नव्हती. तेवढे लाकूड गावात मिळाले नसते.

गावचा शिपाई त्या वर्षी ऑस्बर्ट मोची होता. ते काम आळीपाळीने सगळ्यांवर येई आणि सगळेच ते वाईट करीत. दार उघडे होते, मला सगळे दिसत होते. खुर्चीत बांधलेली थॉमसिन पाण्यावर लोंबकळत त्याला म्हणाली, "ऑस्बर्ट, खिळ्यापाशी दांडा कुजलाय बघ. मला बुडवायचं तर बुडव, पण आधी दांडा बदल."

"ऐका," ऑस्बर्ट जमलेल्या लोकांना म्हणाला, "तळ्यावर टांगली तरी हिची टकळी चालूच."

दांडा मोडला. थॉमसिन गुडघाभर चिखलात उभी राहिली आणि दांड्याचे दुसरे टोक धरणारा ऑस्बर्ट तोंडावर पाण्यात गेला. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की आता तरी गावाला अक्कल आली असेल. गावाने ठरवले की तिच्या जिभेला हाड नाही म्हणूनच दांडा मोडला.

आता लॅम्बर्टच्या मरणाविषयी. ते पाहणारा मी एकटाच होतो, आणि माझी साक्ष कुणी काढली नाही.

उन्हाळा लागला होता. मोठा सण तोंडावर होता, म्हणून मी काठोकाठ भरलेला आणि खाली जाळ. थॉमसिन मागच्या परसात कोंबड्यांना भुसा घालत होती. लॅम्बर्टला उकडायला लागले. त्याला दार उघडे ठेवायचे होते, पण वाऱ्याने ते सारखे मिटत होते. त्याने इकडेतिकडे पाहिले. अंगणात शंभर दगड होते, पण अंगण चार पावले लांब. त्याने चुलीच्या सळईने माझ्या पायाखालचा धोंडा ओढून काढला आणि दाराला लावला. मग लाकडी डाव घेऊन माझ्याकडे आला, कारण गोडसर कच्चा रस चोरून प्यायची त्याला सवय होती. डाव माझ्या काठावर टेकवून, त्यावर भार देऊन तो वाकला.

मी सावरायचा प्रयत्न केला असे म्हणणार नाही. हंडे प्रयत्न करत नाहीत. तडकलेला पाय मोडला आणि मी कलंडलो.

तो दुसऱ्या दिवशी गेला. शेवटपर्यंत त्याला शुद्ध नव्हती. थॉमसिन रात्रंदिवस त्याच्या भाजलेल्या अंगावर लोणी लावत बसली होती, आणि खिडकीतून गाव तिच्याकडे पाहत होते. प्रेत गार व्हायच्या आत उर्सुलाने पाठ केलेले वाक्य घराघरांत पोचवले. हिने सांगितलं होतं ना, हंडा तुझा जीव घेईल म्हणून. बघा, घेतला.

तुम्हाला एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या राज्यात चोराला फाशी देत, दरोडेखोराला फाशी देत. पण नवऱ्याला मारणाऱ्या बाईला खांबाला बांधून जाळत. तेव्हा उर्सुला जे घरोघर वाटत होती ते काय होते, ते समजून घ्या. ती काही वाईट बाई नव्हती. तिला बोलायला विषय हवा होता, एवढेच.

थॉमसिनला ऑस्बर्टच्या खोपटात कातड्यांच्या ढिगात कोंडले. कुणाच्याही मरणात काळेबेरे वाटले की चौकशीला तालुक्याहून एक अधिकारी येई, त्याला कॉरोनर म्हणत. तो येईपर्यंत प्रेत चर्चच्या ओसरीवर ठेवले आणि मला आहे तिथेच सोडले. जन्मात पहिल्यांदा मला कुणी घासले नाही. आमच्याकडे उन्हाळ्यातही पाऊस पडतो; छपरातल्या धूर जायच्या भोकातून तो माझ्यावर पडत राहिला. तळाशी राहिलेला चोथा आंबला. चरबी धुऊन गेली आणि कडीला तांबडा गंज चढला.

कॉरोनर घोड्यावरून आला तेव्हा त्याला सर्दी झाली होती आणि पोटात भूक होती. पांढऱ्या कापडावर ठेवलेल्या लॅम्बर्टभोवती बारा पंच उभे राहिले. त्यांचा म्होरक्या फ्लूड, पिठाच्या चक्कीचा मालक. मान मोठी, डोके लहान.

थॉमसिनने जे घडले असावे ते बरोबर सांगितले. ती चौकशीत एकदाही रडली नाही, हाही लोकांच्या मते पुरावाच होता. ती म्हणाली, मी परसात होते, परत आले तर धोंडा दाराशी होता. त्यालाच उकडत होतं, त्यानेच तो दाराला लावला असणार.

"धोंडा आपल्या पायांनी दाराशी चालत गेला असेल," फ्लूड म्हणाला. पंच हसले. "मेलेला माणूस उठून बोलत नाही, म्हणून त्याच्यावर ढकलतेस होय गं?"

"जिवंत होता तेव्हा तरी कुठे ऐकत होता," ती म्हणाली. तेवढ्यावरून तिचे बरेच नुकसान झाले.

मग आमच्या लोकांनी तपासाची खरी रीत काढली. त्यांची अशी पक्की समजूत होती की खुन्याने प्रेताला हात लावला की प्रेतातून ताजे रक्त येते. मोठमोठी माणसे हे मानत. त्यांनी थॉमसिनला लॅम्बर्टच्या छातीवर हात ठेवायला लावला. तिने ठेवला. बराच वेळ सगळे वाकून पाहत राहिले. काहीच आले नाही.

फ्लूडची निराशा झाली. तो म्हणाला, काही बायका इतक्या निबर असतात की रक्तसुद्धा त्यांना भिते. तेव्हा ऑस्बर्ट मोची पुढे झाला. त्याच्या खोपटात ती बाई इतके दिवस कोंडलेली होती, आणि खरे सांगायचे तर त्याच्या खोपटाचे छप्पर कुठे गळते ते तिने दाखवले होते, म्हणून त्याचे मन थोडे वळले होते. तो म्हणाला, "संशय दोघांवर आहे, बाईवर आणि हंड्यावर. बाईची परीक्षा झाली. हंड्याची झाली नाही. कायदा सगळ्यांना सारखा पाहिजे की नको?"

यावर बारा मोठी माणसे गंभीरपणे विचार करू लागली. मी खोटे सांगत नाही. त्यांनी विचार केला आणि मला आणायला चौघांना पाठवले.

मला ओसरीवर आणून लॅम्बर्टवर धरले. माझी कडी हिंदकळली. तिच्या खाचेत साचलेले गंजाचे पाणी ओघळले आणि पांढऱ्या कापडावर लाल टिपके पडले.

पंच मागे सरकले. दोघांनी छातीवर क्रुसाची खूण केली. फ्लूडच्या लहानशा चेहऱ्याचा सगळा रंग उतरला आणि तो हळूच म्हणाला, "रक्त. हंड्याला पाहून प्रेताने रक्त दिलं."

कॉरोनर पुढे आला. त्याने एक टिपका बोटावर घेतला, वास घेतला आणि बोट रुमालाला पुसले. त्याला कळले होते. मला त्याचा चेहरा खालून स्पष्ट दिसत होता. पण त्याने पंचांना काही सांगितले नाही. त्याने थॉमसिनकडे पाहिले.

थॉमसिननेही टिपके पाहिले होते. मला इतकी वर्षे घासणारी बाई ती. माझा गंज तिला कळणार नाही? तिचे तोंड उघडले. ते कसे उघडते हे मला चांगले ठाऊक होते. अरे मूर्खांनो, तो गंज आहे, कडी कोरडी ठेवली नाही की असंच होतं: हे सगळे वाक्य तिच्या जिभेवर आले होते. डोळ्यांसमोर चुकीचे काही पाहून ती आयुष्यात कधी गप्प बसली नव्हती. आणि आता ती बोलली असती तर तिचीच लाकडे रचली गेली असती.

"बाई," कॉरोनर सावकाश म्हणाला, "जेवढं विचारतो तेवढंच सांग. हंडा कलंडला, की कुणी कलंडवला?"

तिने तोंड मिटले. पुन्हा उघडले.

"हंडा कलंडला," ती म्हणाली.

एवढेच. उर्सुला गर्दीत उभी होती. पुढचे काही ऐकायला मिळेल म्हणून ती वाट पाहत राहिली.

निकाल लागला. लॅम्बर्ट अपघाताने मेला आणि गुन्हा माझा. आमच्या कायद्यात होतेच तसे: ज्या वस्तूने माणूस मेला ती वस्तू दोषी. गाडी असो, बैल असो, हंडा असो. ती जप्त करायची आणि तिचे मोल देवाच्या नावाने गरिबांना वाटायचे. माझे मोल कुठल्या गरिबाला मिळाले ते मला कुणी सांगितले नाही. मी जमीनदाराच्या गढीवर गेलो. तिथल्या कारभाऱ्याने लोहाराला बोलावले आणि एका दुपारी माझा पाय नवा झाला. त्यासाठी कुणाला एक शब्दही ओरडावा लागला नाही.

थॉमसिन सुटली, पण तिच्याकडे हंडा उरला नाही. दारावरची फांदी वाळून गेली. ती दुसऱ्यांच्या भट्ट्यांवर मजुरीला जाऊ लागली आणि पुढे काही वर्षांनी गढीवरच बिअर गाळायच्या कामाला आली. मी तिला ओळखले. तिने मला घासले, कोरडे पुसले, कडीला चरबी लावली. पण ती बोलत नव्हती. मला वाटले घसा बसला असेल. मग बाकीच्या बायकांकडून कळले की ती त्या दिवसापासून अशीच आहे. विचारले तेवढेच सांगते. गावाला याचे फार समाधान होते. लोक म्हणत, सुधारली बिचारी. मी आयुष्यात बरेच आंबलेले चोथे पोटात बाळगले, पण याइतके किळसवाणे काही माझ्या वाट्याला आले नाही.

गढीच्या भट्टीवर माळा होता. जवाची पोती दोराने वर ओढून ठेवत. त्या दोराखालीच कारभारी तिवईवर बसून बिअर चाखत असे आणि बायकांवर नजर ठेवत असे. एक दिवस पोते वर चढत असताना थॉमसिनने मान वर केली. दोराचे पीळ कप्पीपाशी उसवत होते. मीही पाहिले.

तिचे तोंड उघडले आणि मिटले. तिने माझ्यातला डाव फिरवला. पुन्हा वर पाहिले. तिच्या कानात काय घुमत असेल ते मला कळत होते. मागच्या खेपेला ती जे बोलली तेच तिच्या गळ्याशी आले होते. आज पोते पडले आणि कारभारी मेला, तर गाव पहिल्यांदा हेच विचारणार होते की ही काय म्हणाली होती. गप्प बसलेली बाई अगदी सुरक्षित होती.

"कारभारी, उठा तिथून," ती म्हणाली. जुन्या आवाजात म्हणाली. अंगणातली बदके उडाली. "वरचा दोर कुजलाय."

कारभाऱ्याने वर पाहिले, मग तिच्याकडे. "तूच ना ती तळ्यातली? मला वाटलं, तुझी खोड मोडली."

"मोडली होती," ती म्हणाली. "बोलले म्हणून मला जाळणार होते, आणि गप्प बसले म्हणून सोडलं. हे सगळं ठाऊक असून सांगते. दोर कुजलाय. पोतं पडलं की खाली जो असेल तो मरेल, आणि तुम्ही लोक त्या पोत्याला शिक्षा कराल."

कारभाऱ्याने काय केले असेल? त्याने आपली तिवई उचलून भिंतीशी नेली आणि पुन्हा बसला. दोर तसाच. त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवरून मडकी घासणाऱ्या बायका येत-जात राहिल्या. माणसाला शहाणपण येते ते इतकेच येते, स्वतःपुरते.

थॉमसिनने त्या बायकांना बाजूला व्हायला सांगितले. सगळ्या झाल्या; त्या आवाजापुढे कोण थांबणार? मग ती शिडी चढली, कमरेची सुरी काढली आणि दोर कापला. वर लोंबकळणारे पोते दाणकन फरशीवर येऊन फुटले. जमीनदाराचे जव भट्टीभर पसरले.

मालकाचे नुकसान केले म्हणून तिला दिवसभर बाजारात पाय खोड्यात अडकवून बसवले. कारभाऱ्याने तिला कामावरून काढले. आणि नवा दोर त्याच संध्याकाळी आला. आणावाच लागला, पोती माळ्यावर डोक्यावरून कोण वाहणार?

मित्रांनो, मी आता कामाचा राहिलो नाही. माझ्या तळाला भोक पडले आहे आणि गढीच्या परसात कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्या कुणाचा न्याय करत नाहीत. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरात कुणी मोडक्या पायाबद्दल, कुजक्या दोराबद्दल, हलणाऱ्या पायरीबद्दल रोज रोज बोलत असेल, तर ती किती मोठ्याने बोलते याची चर्चा करू नका. उठा आणि ती पायरी बघा. भांडी घासा, कोरडी ठेवा, तडा गेला तर त्याच दिवशी सांधा. आणि तुमच्या आळसाने काही घडलेच, तर माझ्यासारख्या हंड्याला शिक्षा करून मोकळे होऊ नका. मी ती निमूट सोसली आणि तिच्यातून काहीही शिकलो नाही. शिकणे हे हंड्याचे काम नव्हते.